क्रायोलनची टीव्ही पेंट स्टिक: नाटकाच्या रंगपटातून

एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला की कॉलेजच्या मुलामुलींचे मेसेज यायला लागतात. ‘ताई, क्रायोलनची स्टिक घेऊ का?’, ‘कुठला नंबर घेऊ?’, ‘सगळ्यांना एकच चालेल ना?’ दरवर्षी तेच प्रश्न, आणि मी दौऱ्याच्या बसमधून किंवा दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात तुटक उत्तरं देत राहते. या वेळी या स्टिकबद्दल, म्हणजे चेहऱ्याला बेस म्हणून लावायच्या रंगाच्या काडीबद्दल, नीट बसून लिहितेय.

मी नाटकाची रंगभूषा करते. मुंबई-ठाण्याचे प्रयोग, शनिवार-रविवारचे दौरे, मधूनच एखादी प्रायोगिक संस्था, राज्य नाट्य स्पर्धेतलं एखादं नाटक. लग्नाचे मेकअप मी करत नाही. हे आधीच सांगते, कारण या स्टिकबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक नवरीच्या मेकअपच्या अंगानं लिहिलेलं असतं: डाग किती झाकते, फोटोत कशी दिसते, किती तास टिकते. नटाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा चेहरा पहिल्या रांगेतल्या माणसाला खरा वाटायला हवा आणि बाल्कनीतल्या शेवटच्या माणसाला दिसायला हवा, दोन्ही एकाच वेळी. आणि तो त्या नटाचाच चेहरा राहायला हवा, कारण पुढचे दोन तास त्याला त्याच चेहऱ्यानं काम करायचं आहे. या कसोटीवर ही स्टिक माझ्या पेटीतली सगळ्यात भरवशाची वस्तू आहे. फक्त ती लोक वापरतात त्याच्या निम्मी वापरायची.

वस्तू साधी आहे. २५ ग्रॅमची काडी, मेण आणि तेलात घोटलेला दाट रंग, खालून फिरवला की वर येतो. रंगाचं प्रमाण इतकं जास्त की नखावर मावेल एवढ्यात अर्धा चेहरा होतो. नावात टीव्ही असलं तरी आमच्याकडे ती नाटकातच जास्त राबते. क्रायोलन ही बर्लिनची कंपनी, १९४५ साली आर्नॉल्ड लँगर यांनी सुरू केलेली. बर्लिनचं आणि रंगमंचाच्या रंगांचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. लुडविग लाइखनर हा ऑपेरातला गायक. त्यानं १८७३ मध्ये तिथंच नटांसाठी तेलकट रंगांचा कारखाना काढला. त्याच्या काड्यांना नंबर असत, आणि इंग्लंडमधल्या नटांच्या कित्येक पिढ्या ‘पाच आणि नऊ’ एवढं सांगून आपला बेस विकत घेत. आज आपण दुकानात जाऊन ‘एफएस अडतीस द्या’ म्हणतो, तीही तशीच पद्धत.

त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे काय होतं, तेही नव्या मुलांना माहीत असावं. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ. लोकनाट्यातली माणसं मुरदाडशिंग दगडावर उगाळून तोंडाला लावत. त्यानं चेहऱ्याला तकाकी यायची, पेट्रोमॅक्सच्या उजेडात तर फारच. पण मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि हिंगूळ पाऱ्याचा. ती माणसं रात्र रात्र ते अंगावर घेऊन उभी राहिली आहेत. त्यांच्या हातातली कला थोर होती आणि हातातला माल वाईट होता. आज एखाद्या कॉलेजच्या संचालाही चांगला, तपासलेला रंग परवडू शकतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सिंधुदुर्गातले दशावतारी अजूनही स्वतःचा रंग स्वतः लावतात. देवळाच्या आवारात, समोर आपापला पेटारा, त्यावर टेकवलेला आरसा. कुणी कुणाचं तोंड रंगवत नाही. पुरुषच बाईची भूमिका करतो, आणि दाढी करून बसल्यापासून साडीचा पदर खांद्यावर येईपर्यंत तो स्वतःच्या हातानं हळूहळू ती बाई होत जातो. मी ते जवळ बसून पाहिलं आहे. शहरातल्या नटांनाही मी सांगते, निदान शेवटचं काजळ तरी स्वतः घाला.

आता वापराकडे. चेहरा साबणानं धुऊन पुसायचा आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं. ज्याला घाम जास्त येतो त्याला मी मलमलच्या फडक्यात बर्फ गुंडाळून देते; कपाळ, नाक, वरचा ओठ, मानेची मागची बाजू, एवढ्यावर फिरवायचा. मग अगदी पातळ मॉइश्चरायझर. तो मुरेपर्यंत मी दुसऱ्याचा टोप किंवा गंगावन बघून घेते. स्टिकमधला रंग मी पट्टीनं खरवडून स्टीलच्या ताटलीत घेते. एका चेहऱ्याला वाटाण्याएवढा पुरतो. तो बोटानं दाबून ऊब द्यायची, मऊ झाला की स्पंज. स्पंज पाण्यात बुडवून इतका घट्ट पिळायचा की हाताला ओल लागावी, पण थेंब पडू नये. रंग थोपटत लावायचा, घासायचा नाही. कपाळाच्या मध्यापासून बाहेर, नाकाकडून गालाकडे, आणि जबड्याच्या कडेला येईपर्यंत तो जवळजवळ संपलेला असावा. मान, कानाच्या पाळ्या आणि कानामागची जागा राहते नेहमी. हात तर हमखास राहतात. सत्तरीचा चेहरा आणि विशीतले तुकतुकीत हात अशी जोडी मी स्पर्धांमधून इतकी पाहिली आहे की आता आधी हातांकडेच नजर जाते.

त्यानंतरची पायरी मुलं घाईत उरकतात आणि मग म्हणतात, स्टिक टिकली नाही. पावडर. ही काडी तेल-मेणाची आहे, ती आपोआप सुकत नाही, पावडरीनं बसवावी लागते. पफवर पारदर्शक पावडर घ्यायची, मनगटावर झटकायची आणि चेहऱ्यावर दाबायची. फिरवायची नाही, दाबायची. डोळ्यांखाली नटाला वर बघायला सांगायचं, नाकपुडीच्या खाचेत पफ दुमडून न्यायचा. मग थांबायचं. दोन-तीन मिनिटांत पावडर तेल पिऊन घेते. उरलेली मऊ ब्रशनं झाडायची आणि वरून हातभर अंतरावरून पाण्याचा बारीक फवारा. बोट लावून बघा. बोटाला काही आलं नाही तर चेहरा तयार आहे. असा बसवलेला पातळ थर मी मे महिन्यात कोकणातल्या एसी नसलेल्या नाट्यगृहात दुसऱ्या अंकापर्यंत टिकलेला पाहिला आहे, मध्यंतरात नुसता टिश्यू टेकवून. टिश्यू टेकवायचा, पुसायचा नाही, हे नटांनाच शिकवून ठेवावं लागतं, कारण विंगेत मी प्रत्येकापाशी पोचू शकत नाही.

नंबर. माझ्याकडे एफएस ३८ आणि एफएस ४५ कायम असतात, शिवाय एक गडद तपकिरी. मराठी संचातले बहुतेक चेहरे या तीन काड्यांच्या मिश्रणात बसतात. कुठलाही एक नंबर सगळ्यांना चालत नाही, हे उत्तर ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. रंग मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला, जिथं चेहरा संपून मान सुरू होते, तिथं बोटभर लावून उजेडात बघा. दिसेनासा झाला तर तोच आपला.

या बाबतीत मला जरा जास्त बोलायचं आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी एकांकिका स्पर्धेला गेले होते. मुलगी सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, भूमिका ऊसतोड मजुराच्या मुलीची. रंगपटात सात-आठ जणी एका आरशासमोर. तिच्या जबड्याला मी मिश्रण लावून बघत होते तर ती हळूच म्हणाली, “ताई, थोडं गोरं करा ना. आई येणारे बघायला.” बाजूच्या मुलीही थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्या एका हाताला तिचा स्वतःचा रंग लावला, दुसऱ्या हाताला तिला हवा असलेला फिकट, दोन्हीवर पावडर दाबली आणि तिला स्टेजवर नेलं. प्रकाशयोजना करणारा मुलगा दिवे लावून बघतच होता. त्याला म्हटलं, रात्रीचा प्रसंग लाव. निळ्या प्रकाशात तिचा फिकट हात राखाडी पडला, सिमेंट लागल्यासारखा. दुसरा हात जिवंत दिसत होता. तिनं दोन्ही हात बराच वेळ उलटेसुलटे करून पाहिले आणि “हाच लावा” म्हणून सावळा हात पुढे केला. डोळे मात्र तिचे मी मनापासून केले. पापणीच्या मुळाशी काजळ, खालच्या पापणीबाहेर जेमतेम रेघ, भुवईच्या हाडावर किंचित उजळ रंग. शेवटच्या रांगेतून तिचे डोळे दिसत होते, आणि त्या भूमिकेला तेच लागत होतं.

सावळ्या त्वचेवर फिकट बेस चढवणं ही आपल्या रंगपटांमधली फार जुनी सवय आहे, आणि ती सोडून द्यायला हवी असं मला ठाम वाटतं. रंगमंचावर ती चालत नाही, आणि जिला ती लावतात तिला आपल्याच चेहऱ्याची लाज शिकवते. या स्टिकचं मला सर्वात मोठं कौतुक वाटतं ते यासाठी की हिच्यात गडद छटा पुरेशा आहेत आणि त्या एकमेकींत छान मिसळतात. रंग नव्हता म्हणून पांढरं केलं, ही सबब उरत नाही.

प्रकाशाचा विषय निघालाच आहे तर. दिव्यांपुढे अंबर जिलेटीन, म्हणजे पिवळट रंगाचा पारदर्शक कागद, खूप असेल तर गालावरचा लाल पुसल्यासारखा होतो. हिरव्या प्रकाशात तोच लाल काळपट पडतो, निळ्यात ओठ जांभळे. हे सगळं पूर्वीपासूनचं. नवीन भानगड एलईडीची आहे. हॅलोजनच्या पिवळ्या उबदार उजेडात त्वचा आपोआप सुंदर दिसायची. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या एलईडीच्या पांढऱ्यात तीच त्वचा फिकी, कधी हिरवट दिसते. अशा वेळी मी बेसमध्ये किंचित तांबूस झाक वाढवते आणि शेडिंगचा तपकिरी थोडा उबदार घेते. पण हे रंगपटातल्या बल्बखाली ठरवता येत नाही. रंगीत तालमीला संपूर्ण रंग लावून, खऱ्या दिव्यांखाली, मधल्या रांगेत बसून बघायला लागतं. प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार, वेशभूषाकार आणि मी, आम्ही चौघं तालमीत शेजारी बसलो की नाटकाचे निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. हल्ली पुष्कळ निर्मात्यांना तालमीला रंगभूषाकाराला बोलवायचं सुचत नाही. थेट पहिल्या प्रयोगाला बोलवतात, आणि दीड तासात आठ चेहरे उरकायला सांगतात.

मोठं आणि छोटं नाट्यगृह यांतला फरकही याच काडीनं सांभाळावा लागतो. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं, हजाराच्या आसपास खुर्च्या. तिथं नाकाची बाजू, गालफडाखालची सावली, डोळ्यांची चौकट थोडी चढी लागते. जुहूचं पृथ्वी २०० खुर्च्यांचं, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय जवळजवळ रंगमंचावर. तिथं बालगंधर्वचा चेहरा घेऊन गेलात तर प्रेक्षकाला नट दिसायच्या आधी रंग दिसेल. पृथ्वीसारख्या जागी मी ही स्टिक पूर्ण चेहऱ्याला लावतच नाही. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, लाल चट्टे असतील तिथं फक्त टेकवते आणि बाकी त्वचा उघडी ठेवते. नटाला लाज वाटली तर कान लाल झालेले दिसले पाहिजेत. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंच या छोट्या नाट्यगृहातही माझा हाच हात असतो.

चेहरा किती झाकायचा हा प्रश्न मला शिकवला एका ज्येष्ठ नटानं. ते आजोबांची भूमिका करत होते. पहिल्याच प्रयोगाला मी कपाळापासून सुरुवात केली तर त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाले, “कपाळ मोकळं ठेव. मला ते वापरायचंय.” दुसऱ्या अंकात मुलाचं पत्र वाचताना ते एक शब्द बोलत नाहीत, फक्त कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल पडत जातात. जाड बेसखाली ते कुणाला दिसलं असतं? तेव्हापासून नवीन नाटक हातात आलं की मी नटाला आधी विचारते, चेहऱ्याचा कुठला भाग तुम्ही वापरता. बहुतेकांना उत्तर लगेच देता येत नाही. दोन-चार प्रयोगांनंतर येऊन सांगतात.

रंगपटातला तो अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. कुणी त्या वेळात संपूर्ण गप्प असतो. कुणी ओठातल्या ओठात पहिला प्रवेश म्हणत असतो, आणि मला त्याच्या वाक्यांमधल्या विरामात लिपस्टिक लावायची सवय झालेली असते. एक अभिनेत्री पावडर दाबेपर्यंत घरच्या गॅस सिलिंडरबद्दल बोलते आणि काजळ घालताक्षणी तिचा आवाज बदलतो. मग मी तिला तिच्या नावानं हाक मारत नाही. नोकरी सांभाळून नाटक करणारी मुलं लोकलमधून धावत येतात, घामाघूम. त्यांना आधी पाणी, मग पंखा, मग रंग. अशा वेळी लवकर मिसळणारा, पुन्हापुन्हा दुरुस्त करता येणारा बेस हातात असणं म्हणजे त्यांना पाच मिनिटं शांत बसू देणं. ही काडी तेवढी सवड देते. पावडर पडेपर्यंत ती मऊच असते, एखादी कड चुकली तर स्पंजच्या एका थोपटीत सुधारते.

झटपट चेंजच्या नाटकांसाठी एक वेगळी सूचना. एकदा पावडर बसली की त्यावर पुन्हा तेलकट रंग नेऊ नका, डाग पडतो आणि तो चाळीस सेकंदांच्या ब्लॅकआउटमध्ये निघत नाही. वय वाढवायचं असेल तर डोळ्यांच्या खोबणीत आणि गालफडाखाली कोरडा तपकिरी पावडर रंग ब्रशनं दाबायचा, भुवयांवर आणि कानाजवळच्या केसांवर पांढरा ओढायचा, आणि बाकीचं नटाच्या खांद्यांवर सोडायचं. खालचा बेस हललेला नसतो म्हणूनच हे जमतं. वेषांतराचा विषय निघाला की मला ‘तो मी नव्हेच’ आठवतं. १९६२ मध्ये ते रंगभूमीवर आलं, रूपं बदलून बायकांना फसवणाऱ्या भामट्याची गोष्ट, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात लखोबा लोखंडेपासून राधेश्याम महाराजांपर्यंत वेगवेगळ्या रूपांत येत. रंगभूषेच्या दृष्टीनं ते कठीण काम आहे: नाटकातल्या बायकांनी फसायला हवं आणि प्रेक्षकानं मात्र प्रत्येक वेळी ‘हा तोच’ म्हणून ओळखायला हवं. म्हणजे टोप, मिशी, गंध, चष्मा बदलायचा, पण नाक-डोळे-जिवणी यांच्यावरचा माणूस झाकायचा नाही. मी नव्या मुलांना रंगभूषा शिकवताना याच नाटकाचं उदाहरण देते.

दाढी-मिशा लावायच्या असतील तर तिथं बेस लावूच नका. स्पिरिट गम तेलकट जागेवर धरत नाही, दुसऱ्या प्रवेशात मिशीचं टोक सुटतं. जागा कोरडी ठेवा, गम लावा, बोटानं टकटक करून चिकट होऊ द्या, मग क्रेपचे खोटे केस किंवा जाळीवरची दाढी दाबा, आणि शेवटी कडेपर्यंत बेस आणून मिळवा. गम पेट घेणारा असतो, रंगपटातल्या उदबत्तीपासून आणि निरांजनापासून लांब ठेवा. गाण्याच्या नाटकात गालावर माइक असतो, त्याचंही तसंच: टेपच्या जागेवरचं तेल पुसून आधी टेप लावायची आणि मग टेपवरूनच स्टिक थोपटायची. टेपवर ती इतकी छान बसते की दुसऱ्या रांगेतून तार दिसत नाही. हलक्या, पाण्यासारख्या फाउंडेशननं हे होत नाही.

कुठे वापरू नये, तेही सांगते. बालनाट्यातले राक्षस, कोल्हे, चेटकिणी यांचे भडक रंग हिचं काम नाही. त्यासाठी क्रायोलनचेच अ‍ॅक्वाकलर आहेत, पाण्यात कालवायचे, लहान मुलांच्या चेहऱ्यावरून साबणानं लगेच निघणारे. फक्त घामाला ते टिकत नाहीत, म्हणून नाचाच्या नाटकात मी सुप्राकलर हा तेलकट रंग घेते. फार तेलकट किंवा मुरमांच्या त्वचेला कुठलीही मेण-तेलाची काडी जपूनच लावायची, आणि नव्या नटाच्या कानामागे आदल्या दिवशी लावून बघायची. आणि रोज घराबाहेर पडताना लावण्यासाठी तर ही अजिबात नाही.

स्वच्छतेबद्दल मी कठोर आहे. एकच काडी सात जणांच्या गालावरून थेट फिरवलेली मी पाहिली आहे, ग्रामीण स्पर्धेत आणि मोठ्या शहरातही. डोळे आल्याच्या दिवसांत अख्खा संच लाल डोळ्यांनी पुढच्या केंद्रावर गेलेला पाहिला आहे. काडी चेहऱ्याला टेकवायचीच नाही. वरचा पापुद्रा पट्टीनं काढून टाकायचा, मग हवा तेवढा ताटलीत. प्रत्येकाचा स्पंज वेगळा, नाव लिहिलेल्या डबीत. काजळाची पेन्सिल आणि लिपस्टिक तर ज्याची त्यानं आणायची. एवढं केलं तर संचाचा खर्च फार वाढत नाही, कारण एक काडी फार दिवस पुरते.

खर्चाचं म्हणाल तर, ही स्टिक देशी पॅनस्टिकपेक्षा महाग आहे हे खरं. पण आम्हा रंगभूषाकारांना नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैसे मिळतात, पेटीतला माल स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, आणि मी हिशेब करूनच ही घेत आले आहे. स्वस्त काडीचा जाड थर द्यावा लागतो, तो पुन्हापुन्हा दुरुस्त करावा लागतो आणि संपते लवकर. निर्माते मंडळींना यानिमित्तानं एक विनंती: नाटकाच्या खर्चात नेपथ्य आणि जाहिरातीसारखाच रंगाच्या सामानाचा एक स्वतंत्र आकडा मांडा. नाईटमधून तो कापला गेला की रंगभूषाकार हात आखडतो आणि ते नटाच्या चेहऱ्यावर दिसतं.

काढण्यासाठी खोबरेल तेल. दुसरं काही लागत नाही. तळहातावर घेऊन कोरड्या चेहऱ्यावरच चोळायचं, रंग सुटला की कापसानं किंवा जुन्या मऊ सुती कपड्यानं टिपायचं, मग साबण. गम लावलेला असेल तर आधी त्याचा रिमूव्हर. रात्री साडेबाराला प्रयोग संपतो, बस निघायची घाई असते आणि मुलं तोंडावर पाणी मारून तशीच झोपतात. दोन दौऱ्यांत त्वचा खराब होते आणि दोष स्टिकला मिळतो. आमच्या बसमध्ये तेलाची बाटली आणि कापसाचा गठ्ठा दारापाशीच टांगलेला असतो.

कुठलीही मेणाची काडी उन्हाळ्यात बसच्या डिकीत मऊ पडते, म्हणून पेटी वर, आपल्यापाशी. मऊ पडलेली काडी फिरवू नका, थंड पाण्यात बंद झाकणासह ठेवा, मग उघडा. तळाच्या नंबराच्या चिठ्ठीवर पारदर्शक टेप मारा आणि झाकणावर नंबर मार्करनं लिहा, म्हणजे अंधारात विंगेत शोधायला लागणार नाही.

विकत घेताना ओळखीच्या, मेकअपचंच सामान ठेवणाऱ्या दुकानातून घ्या. नकली माल पुष्कळ फिरतो. ठरलेल्या किमतीच्या निम्म्यात मिळत असेल तर घेऊ नका. असलीला उग्र वास नसतो, रंग बोटाला गुळगुळीत लागतो, खडे लागत नाहीत. पहिल्यांदा घेणाऱ्या कॉलेजच्या संचानं दोन काड्या घ्याव्यात, एक मध्यम आणि एक गडद, फिकट एकही नाही; शिवाय पारदर्शक पावडरीचा एक डबा, डझनभर स्पंज, स्टीलची ताटली आणि पट्टी. पहिल्या तालमीला सगळ्यांच्या जबड्याला लावून मिश्रणाचं प्रमाण वहीत नावापुढे लिहून ठेवा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी रंगपटात गोंधळ होणार नाही. काही अडलं तर जबड्यावरच्या रंगाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा, बल्बखालचा नको. प्रयोग नसेल त्या दिवशी मी उत्तर देते.